हजेरीला अडणारा शब्द

पुण्यातल्या बहुतेक माध्यमिक शाळांत सकाळी एक नवल घडतं आणि रोजचंच म्हणून ते कुणाच्या ध्यानात येत नाही. हात पुढे करून सगळी शाळा एका सुरात प्रतिज्ञा म्हणते. त्या रांगेत आठवीतला एखादा मुलगा असा असतो, जो एरवी तोतरा बोलतो. प्रतिज्ञेतला एकही शब्द त्याच्या तोंडात अडत नाही. दहा मिनिटांनी वर्गात हजेरी सुरू होते. त्याचा क्रमांक येतो. आता त्याला ‘हजर’ एवढंच म्हणायचं असतं आणि तो ‘ह’ काही केल्या बाहेर पडत नाही. जीभ तीच, ओठ तेच, छाती तीच. दहा मिनिटांपूर्वी याच तोंडातून संस्कृतप्रचुर वाक्यं सरळ बाहेर पडली होती.

तोतरेपणा असलेली बहुतेक माणसं इतरांबरोबर एकसुरात बोलताना अडखळत नाहीत. गातानाही नाहीत. एकटं असताना, मांजराशी बोलताना अडखळणं खूप कमी होतं. यावरून निदान एवढं कळतं, की दोष जिभेच्या स्नायूंत नाही. बोलणं सुरू करण्याचा नेमका क्षण मेंदूला आतून ठरवावा लागतो. शेजारी पन्नास जण बोलत असले, की तो क्षण बाहेरून आयता मिळतो. एकट्याने ‘हजर’ म्हणताना तो स्वतःच पकडावा लागतो. मेंदूच्या प्रतिमांवरच्या अभ्यासांत डाव्या बाजूच्या, वाणीशी संबंधित जोडण्यांमध्ये फरक दिसले आहेत. २०१० मध्ये काही कुटुंबांत तोतरेपणाशी निगडित जनुकं सापडली. त्यांचं एरवीचं काम काय, तर पेशीतला कचरा मोडून पुन्हा वापरात आणणाऱ्या विकरांना योग्य जागी पोहोचवणं. पेशीतली ही साफसफाई आणि वर्गात ‘हजर’ म्हणणं यांचा संबंध कसा लागतो, याचा शोध अजून चालू आहे.

सुमारे पाच टक्के मुलं लहानपणी केव्हा ना केव्हा तोतरी बोलतात. बहुतेकांचं आपोआप थांबतं. साधारण एक टक्क्याचं राहतं, आणि मोठेपणी राहिलेल्यांत पुरुषांची संख्या स्त्रियांच्या सुमारे चौपट असते. म्हणजे दीड हजार मुलांच्या शाळेत दहा-पंधरा मुलं. मग ती दिसत का नाहीत? कारण तेराव्या-चौदाव्या वर्षापर्यंत ती लपण्यात तरबेज झालेली असतात. अडणारा शब्द दोन शब्द आधीच ओळखून ती दुसरा शब्द घेतात, ‘मंगळवारी’ म्हणायचं असेल तर ‘परवा’ म्हणतात. कँटीनमध्ये मिसळ हवी असते, पण ‘म’ अडणार हे माहीत असल्याने वडापाव मागतात. उत्तर येत असूनही हात वर करत नाहीत. स्वतःच्या नावाला मात्र दुसरा शब्द नसतो, म्हणून ते सर्वांत जास्त अडतं.

माध्यमिक शाळेत काम करणाऱ्या स्पीच थेरपिस्टची पहिली ओळख इथे होते. ‘सावकाश बोल, श्वास घे’ हे ती क्वचितच सांगते. ते सगळ्यांनी आधीच सांगून झालेलं असतं. ती कधी मुलाला मुद्दाम अडखळायला सांगते. मुद्दाम, स्वतःच्या ताब्यात ठेवून, पानाच्या दुकानात, बसच्या कंडक्टरपुढे. ज्याची भीती वाटते तेच आपण होऊन केलं की भीतीची पकड सैल होते, आणि भीती सैल झाली की बोलणंही पुष्कळदा सैल होतं. मग ती वर्गशिक्षकांशी बोलते. दहावीला भाषा विषयाचे ८० गुण लेखी आणि २० तोंडी-अंतर्गत असतात. ती तोंडी परीक्षा सगळ्या वर्गासमोर घ्यायची की एका शिक्षकासमोर, एवढ्या एका निर्णयाने त्या मुलाचं वर्ष बदलू शकतं.

पण तोतरेपणा निदान कानाला ऐकू येतो. तिचं खरं मोठं काम ऐकूच न येणाऱ्या अडचणीशी आहे.

आधी साधं बोलणं किती अचाट आहे ते पाहू. दहा भाषांतल्या गप्पांच्या २००९ च्या एका अभ्यासात असं आढळलं, की एकाचं वाक्य संपल्यावर दुसऱ्याचं सुरू व्हायला सरासरी सेकंदाचा पाचवा भाग लागतो. पण समोरच्या चित्राचं नाव मनातून शोधून ओठांवर आणायला सेकंदाच्या निम्म्याहून जास्त वेळ जातो. म्हणजे समोरच्याचं वाक्य संपायच्या आधीच आपण त्याचा शेवट ताडलेला असतो आणि आपलं उत्तर रचायला घेतलेलं असतं. ऐकणं आणि बोलणं ही कामं पाळीपाळीने होत नाहीत, एकमेकांत शिरलेली असतात. मधल्या सुट्टीत कट्ट्यावर बसलेल्या नववीच्या मुलींच्या गप्पा ऐकाव्यात. पाच जणी, तीन विषय, अर्धी वाक्यं, आणि तरी कुणी मागे राहत नाही. निदान तसं वाटतं. त्यांतली एक दर वेळी अर्ध्या क्षणाने उशिरा हसते. तिला विनोद कळलेला नसतो. इतर हसल्या म्हणून ती हसते.

अशा काही मुलांना भाषाविकासाचा विकार असतो. कान ठीक, बुद्धी ठीक, घरात भरपूर बोलणं, तरीही भाषा पक्की बसत नाही. २०१६ मध्ये इंग्लंडच्या सरे परगण्यातल्या शाळांची मोठी पाहणी प्रसिद्ध झाली. शाळेत नुकत्याच दाखल झालेल्या मुलांपैकी सुमारे साडेसात टक्क्यांना अशी अडचण आढळली. तेच प्रमाण साठ मुलांच्या वर्गाला लावलं तर चार मुलं होतात. ती गप्प असतात म्हणून ‘शांत’, अभ्यास विसरतात म्हणून ‘आळशी’, आणि कधी चिडून बाक आपटतात म्हणून ‘उद्धट’ ठरतात.

गणितातलं एक उदाहरण घ्या. रमाकडे सलीमपेक्षा ५ पेनं जास्त आहेत. रमाकडे १२ पेनं असतील, तर सलीमकडे किती? चुकणारी पुष्कळ मुलं १७ लिहितात. त्यांना वजाबाकी येते. ‘जास्त’ दिसलं की त्यांचा हात बेरजेकडे जातो, कारण ‘पेक्षा’ कुणाला चिकटलं आहे हे त्यांच्या पकडीत येत नाही. किंवा हे वाक्य पाहा: ज्या मुलाला बाईंनी वही दिली तो बाहेर गेला. कोण गेलं? आपल्याला विचार करावा लागत नाही. पण ‘ज्या’पासून ‘तो’पर्यंत धागा मनात ताणून धरावा लागतो. मध्ये बाई येतात, वही येते, आणि ज्याचा धागा तुटतो त्याच्या लेखी बाईच बाहेर गेलेल्या असतात. इतिहासाच्या पुस्तकात असं वाक्य दर परिच्छेदात असतं.

मराठीने इथे आणखी एक वळण ठेवलं आहे, आणि ते पाहताना मी दर वेळी थक्क होतो. मुलगा आंबा खातो, मुलगी आंबा खाते. इथे क्रियापद खाणाऱ्याकडे पाहतं. तेच काल घडलं की मुलाने आंबा खाल्ला, मुलाने पोळी खाल्ली, मुलाने आंबे खाल्ले. आता क्रियापदाने खाणाऱ्याकडे पाठ फिरवली आणि ते खाल्ल्या गेलेल्या वस्तूकडे पाहू लागलं. पुण्यातलं तीन-चार वर्षांचं पोर हे कुणी न शिकवता करतं. ज्याला ते जमत नाही, त्याला ते दिसेल अशा रूपात द्यावं लागतं. इंग्लंडमधल्या मूर हाउस शाळेत सुझन एबल्स यांनी वाक्याच्या भागांना आकार, रंग आणि बाण देण्याची ‘शेप कोडिंग’ ही पद्धत विकसित केली. पण ती इंग्रजी वाक्याच्या बांधणीवर उभी आहे. मराठीसाठी बाणाची दिशाच काळाप्रमाणे बदलावी लागेल. अशी साधनं तयार करायची तर मराठी आतून ठाऊक हवी. पुढे डेक्कन कॉलेजात भाषाविज्ञान शिकवलेल्या अशोक केळकरांनी १९५८ मध्येच मराठीच्या ध्वनींची आणि रूपांची बारकाईने मांडणी केली होती. पुण्याच्या एका टोकाला भाषेचं ते ज्ञान, दुसऱ्या टोकाला भारती विद्यापीठात स्पीच थेरपिस्ट घडवणारा अभ्यासक्रम. या दोन टोकांमधली ये-जा वाढायला हवी असं मला मनापासून वाटतं.

शाळेतल्या मोठ्या शब्दांचंही असंच आहे. ‘बाष्पोच्छ्वास’ हा शब्द विज्ञानाच्या तासाला मुलांवर कोसळतो. थेरपिस्ट तो मुलांसमोर खोलते: बाष्प आणि उच्छ्वास, मग उच्छ्वासात उत् आणि श्वास. हाच उत् मग उत्खननात सापडतो. ‘संश्लेषण’ आणि ‘विश्लेषण’ शेजारी ठेवले की एकात जोडणं आणि दुसऱ्यात सोडवणं दिसतं. व्याकरणाच्या तासाला दोन गुणांसाठी पाठ होणारे संधी, समास आणि उपसर्ग इथे उपचाराचं साधन होतात. एका वेळी एक शब्द पाठ करणाऱ्या मुलाच्या हाती अख्ख्या कुळाची किल्ली येते.

पुण्यात पुष्कळ मराठी शाळांत वरच्या वर्गांना सेमी इंग्लिश असतं: गणित-विज्ञान इंग्रजीतून, बाकीचं मराठीतून. म्हणून थेरपिस्टला कायम एक प्रश्न सोडवावा लागतो. मूल अडतंय ते भाषाच बसत नाही म्हणून, की इंग्रजी पुरेसं कानावर पडलं नाही म्हणून? खरा विकार एका भाषेत राहत नाही, तो घरच्या मराठीतही दिसतो. ओळखायची एक युक्ती फार सुंदर आहे. मुलाला अर्थच नसलेले शब्द म्हणायला सांगायचे: ‘लापुड’, मग ‘तमिरोळा’, मग ‘किपुडेलाणू’. शब्दसंग्रह, पुस्तकं, शिकवणी यांचा इथे फारसा उपयोग नाही, कारण हा शब्द कुणीच ऐकलेला नाही. ध्वनींची अनोळखी माळ क्षणभर मनात धरून ठेवण्याची ताकद तेवढी मोजली जाते. भाषाविकार असलेली पुष्कळ मुलं तीन-चार अक्षरांनंतर घसरतात. आणि घरी मराठी बंद करा, फक्त इंग्रजी बोला, असा सल्ला कुणी दिला तर तो पाळू नये. त्याने विकार जात नाही, मात्र आजीशी बोलणं बंद होतं.

माध्यमिक शाळेच्या याच वयात आवाजही बदलतो. मुलांचा कंठमणी वाढतो, स्वरतंतू लांब आणि जाड होतात, आणि आवाज सुमारे एक सप्तक खाली उतरतो. मुलींचाही दोन-तीन अर्धस्वरांनी उतरतो, पण ते सहसा लक्षात येत नाही. काही मुलांचं स्वरयंत्र पूर्ण वाढूनही आवाज लहानपणच्या पट्टीतच राहतो. अकरावीतला मिसरूड फुटलेला मुलगा फोन उचलतो आणि पलीकडचा ‘ताई’ म्हणतो. कान-नाक-घसा तज्ज्ञाने तपासून बाकी काही दोष नाही असं सांगितलं, की थेरपिस्ट त्याला खोकायला लावते, कंठमणी बोटाने हलकेच खाली धरून ‘आ’ म्हणायला सांगते. आणि एकदम भरीव पुरुषी आवाज बाहेर येतो. कधीकधी हे पहिल्याच बैठकीत घडतं. तो आवाज सगळा वेळ तिथेच होता, वापरात आलेला नव्हता. पुढचे काही आठवडे जातात ते मुलाला तो आपलाच वाटावा म्हणून.

शिक्षकांचा आवाजही तिच्याकडे येतो. बाईंचे स्वरतंतू बोलताना सेकंदाला सुमारे २०० वेळा एकमेकांवर आदळतात. सगळ्या तासांत मिळून निव्वळ दोन तास आवाज निघाला असं धरलं, तर दिवसाला १४ लाख ४० हजार आघात. वर पंखे, बाहेर रहदारी आणि साठ मुलांची कुजबुज, म्हणजे हे सगळं मोठ्या आवाजात. तंतूंवर गाठी होतात त्या अशाने. कानांचंही गणित आहे. ८५ डेसिबल आवाज आठ तास सहन होतो असं धरतात, पण दर तीन डेसिबलला ही मुदत निम्मी होते, म्हणून १०० डेसिबलला फक्त पंधरा मिनिटं उरतात. भाद्रपदाआधी महिनोन् महिने सराव करणाऱ्या ढोल-ताशा पथकातल्या मुलामुलींनी कानात बोळे घालावेत, यात वादनाला काही कमीपणा नाही.

शिकताना अडणाऱ्या मुलांच्या बाबतीत महाराष्ट्राने एक पाऊल लवकर टाकलं होतं. अध्ययन अक्षमता असलेल्या मुलांना परीक्षेत सवलती देण्याचं धोरण राज्याने १९९६ मध्येच स्वीकारलं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात वाचा-भाषा अक्षमता आणि अध्ययन अक्षमता या दोन्ही आल्या. पण अक्षमतेच्या प्रमाणपत्राचा विचार बहुतेक घरांत दहावीच्या उंबरठ्यावर सुरू होतो, आणि पूर्णवेळ स्पीच थेरपिस्ट असलेल्या शाळा पुण्यातही मोजक्याच. ही मोठी उणीव आहे. लहानपणी उपचार झाला नाही तर आता काय उपयोग, हा समज चुकीचा आहे. मूर हाउसमधल्या एका अभ्यासात उपचार घेणारी मुलं नऊ ते सतरा वर्षांची होती, आणि समोरासमोर बसून केलेल्या कामाने त्यांच्यात मोजता येण्याजोगी सुधारणा झाली.

थेरपिस्ट नसलेल्या वर्गातही उद्यापासून करता येईल असं एक काम आहे. अमेरिकेतल्या मेरी बड रो यांनी १९७० च्या दशकात वर्गांतली ध्वनिमुद्रणं तपासली. प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी जेमतेम एक सेकंद थांबत होते. तोच वेळ तीन सेकंदांवर नेला, तेव्हा मुलांची उत्तरं लांबली, ‘माहीत नाही’ कमी झालं, आणि एरवी गप्प बसणारी मुलंही बोलू लागली. पस्तीस मिनिटांच्या तासिकेत बाई वीस प्रश्न विचारत असतील, तर जास्तीचे चाळीस सेकंद जातात. तेवढ्या वेळात साठातली ती चार मुलं ‘ज्या’पासून ‘तो’पर्यंत पोहोचू शकतात, आणि पाचवा, हजेरीला अडणारा, आपला पहिला ध्वनी पकडू शकतो.