भुयारातून पळता येतं, शहरातून नाही! रोल-प्लेइंग गेममधली काल्पनिक शहरं चालतात तरी कशी?

'स्ट्रेंजर थिंग्ज' पाहिलेल्यांना पहिल्याच एपिसोडमधला तो सीन आठवत असेल. चार पोरं तळघरात टेबलाभोवती बसलीयेत आणि फासे टाकत एका राक्षसाशी लढतायत. तो खेळ म्हणजे 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन यांचा हा खेळ १९७४ साली अमेरिकेत बाजारात आला आणि 'टेबलटॉप रोल-प्लेइंग गेम' हा प्रकार रुजला.

खेळायची पद्धत सोपी आहे. एक जण 'गेम मास्टर' होतो, म्हणजे गोष्ट पुढे नेणारा. बाकीचे एकेक पात्र घेतात आणि आपलं पात्र आता काय करणार ते सांगतात. ते जमेल की नाही, हे बऱ्याचदा फासे ठरवतात.

सुरुवातीच्या काळात या गोष्टी बहुतेक वेळा भुयारात घडायच्या. कारण भुयारात वाटा मोजक्याच असतात. गेम मास्टरनं वीस खोल्या आखून ठेवल्या की रात्रभराची सोय झाली. शहरात मात्र पंचाईत होते. खेळाडू लोहाराकडे जातील, देवळात शिरतील, नाहीतर भलत्याच गल्लीतलं दार ठोठावतील. दारामागे कोण आहे हे गेम मास्टरला तिथल्या तिथे सांगावं लागतं.

मग अख्खं शहर तयार ठेवायचं कसं? यावर तीन वेगवेगळी उत्तरं निघाली.

पहिलं उत्तर : सगळंच लिहून ठेवा

१९७६ साली 'जजेस गिल्ड' या कंपनीनं 'सिटी स्टेट ऑफ द इन्व्हिन्सिबल ओव्हरलॉर्ड' हे शहर विकायला आणलं. भला मोठा नकाशा, रस्त्यांना नावं, दुकानं आणि दुकानात कोण बसतं याची माहिती. पुढे २००६ मध्ये मॉन्टी कुक यांनी 'टोलस' या एकाच शहरावर सहाशेहून जास्त पानांचं पुस्तक काढलं. खेळाडू कुठेही घुसले तरी उत्तर तयार! अडचण एवढीच, की हे सगळं वाचायचं कधी आणि खेळ रंगात असताना नेमकं पान शोधायचं कधी?

दुसरं उत्तर : एकच भन्नाट नियम

१९९४ साली 'प्लेनस्केप'मध्ये 'सिगिल' हे शहर आलं. ते एका प्रचंड कड्याच्या आतल्या बाजूला वसलंय. मान वर केली की समोरच्या बाजूची घरं दिसतात. शहरात येण्याजाण्याचा रस्ताच नाही. पण कुठलीही कमान किंवा दार दुसऱ्या जगात उघडू शकतं, फक्त त्याची योग्य 'किल्ली' हवी. इथे प्रत्येक घराची माहिती नसली तरी चालतं. कुठलंही साधं दार दिसलं तरी खेळाडू सावध होतात.

तिसरं उत्तर : कुणाचं कुणाशी वाकडं?

२०१७ साली जॉन हार्पर यांच्या 'ब्लेड्स इन द डार्क'नं घरांपेक्षा नात्यांवर भर दिला. यातलं 'डॉस्कव्होल' हे कायम अंधारातलं, भुतांनी पछाडलेलं शहर आहे. भोवती विजेचं कुंपण आहे, त्यामुळे खेळाडूंच्या टोळीला सहज पळून जाता येत नाही. शहरातल्या प्रत्येक गटाशी टोळीचं नातं उणे ३ ते अधिक ३ या आकड्यांत मोजलं जातं. उणे ३ म्हणजे थेट युद्ध.

शिवाय प्रत्येक कामगिरीनंतर 'हीट' वाढते, म्हणजे पोलिसांचं लक्ष वेधलं जातं. ती साचत गेली की टोळी 'वॉन्टेड' होते आणि हा शिक्का कुणीतरी तुरुंगात गेल्याशिवाय कमी होत नाही.

शहराची खरी गंमत इथेच आहे. भुयारात राक्षस मारला की विषय संपतो. शहरात ज्याला लुटलं त्याचा मेव्हणा फौजदार निघतो! गावची भावकी ज्यांनी पाहिलीये, त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

म्हणून स्वतःचं शहर रचताना शंभर दुकानांची यादी नसली तरी चालेल. चार-पाच गट घ्यायचे आणि तीन प्रश्नांची उत्तरं लिहायची. कुणाला काय हवंय? त्यांच्या आड कोण येतंय? आणि खेळाडूंनी काहीच केलं नाही, तर महिन्याभरात काय घडेल?

एवढं कागदावर असलं, की खेळाडू कुठल्याही गल्लीत वळू देत. त्या दारामागचा माणूस यातल्याच कुठल्यातरी गटाचा असतो आणि गोष्ट तिथून पुढे सरकते.