गारपिटीने छप्पर फुटले, तर...

2014च्या फेब्रुवारी-मार्चमधली गारपीट मराठवाडा अजून विसरलेला नाही. पिके झोपली, तसे घरांवरचे पत्रे आणि कौलेही फुटली. अशा वेळी गारा थांबल्या की आपला हात आधी झाडूकडे जातो. भगिनींनो, आधी मोबाइल घ्या.

फुटलेले पत्रे, भिजलेले गहू-तांदूळ, गाद्या, टीव्ही, सगळ्यांचे तारखेसह फोटो काढा. गारेशेजारी नाणे ठेवून तिचाही एक फोटो घ्या. सिमेंटच्या पत्र्यावर चढू नका. तडकलेला पत्रा पायाखाली मोडतो. फोटो झाले की ताडपत्री टाका आणि तिची पावती जपून ठेवा. फुटके तुकडे सर्वेअर पाहून जाईपर्यंत फेकू नका.

गृहकर्ज घेताना अनेकदा घराचा विमाही उतरवलेला असतो आणि घरच्यांना त्याची खबर नसते. कर्जाची फाइल उघडून पाहा. 1 एप्रिल 2021पासून ‘भारत गृह रक्षा’ ही प्रमाणित पॉलिसी मिळते. तिच्यात वादळाने झालेले नुकसान धरले जाते. गारपिटीबद्दल कंपनीकडून आजच लेखी विचारून घ्या. जुनी गळती मात्र भरून मिळत नाही.

नुकसान झाल्याचे कंपनीला लगेच कळवा, दावा क्रमांक लिहून ठेवा. तलाठ्याकडून पंचनाम्याची प्रत मागा. दावा नाकारला तर लेखी कारण घ्या आणि कंपनीकडे तक्रार करा. 30 दिवसांत उत्तर आले नाही किंवा पटले नाही, तर विमा लोकपालाकडे जाता येते. तिथे फी नाही, वकीलही लागत नाही.

पॉलिसी अब्बांच्या नावावर असली, तरी ती कुठल्या कपाटात आहे हे अम्मीलाही ठाऊक हवे. गारा पडतील तेव्हा घरात कदाचित तीच असेल.