जुना मोडेम बदलण्यापूर्वी

घरातील इंटरनेट मंदावले म्हणजे घरच्या कर्त्या माणसाचा पहिला रोष कंपनीवर होतो, दुसरा स्थानिक केबलवाल्यावर, आणि तक्रार-क्रमांकांची देवघेव होऊनही दोघांकडून समाधान झाले नाही, तर तो अधिक रकमेचा, अधिक वेगाचा प्लॅन घेऊन मोकळा होतो; परंतु ज्या पेटीतून हा सारा व्यवहार घरात प्रवेश करतो, आणि जी बहुधा टीव्हीच्या मागे, चपलांच्या कपाटावर किंवा दारावरच्या फळीवर धुळीचा थर पांघरून वर्षानुवर्षे अहोरात्र तापत बसलेली असते, तिच्याकडे मात्र अखेरपर्यंत कोणाचे लक्ष जात नाही. ही पेटी केव्हा बदलावी हा प्रश्न जितका महत्त्वाचा, तितकाच ती केव्हा बदलू नये हाही आहे. कारण माझ्या मते पुष्कळसे मोडेम निष्कारण बदलले जातात आणि जे खरोखर बदलावयास हवेत ते जागचे हलत नाहीत.

भारतात सर्वसामान्य नागरिकांस इंटरनेटचे दार उघडले ते १५ ऑगस्ट १९९५ रोजी, विदेश संचार निगमाच्या सेवेने. त्या काळचा मोडेम संगणकाच्या अंकांचे ध्वनीत रूपांतर करून ते दूरध्वनीच्या तारेवरून धाडीत असे, आणि तो कामात असेतोवर घरचा फोन मुका राही. पुढे ऑक्टोबर २००४ मध्ये केंद्र सरकारने ब्रॉडबँडविषयक धोरण जाहीर करून सेकंदाला २५६ किलोबिट हा किमान वेग ठरविला, आणि २००५ च्या जानेवारीपासून भारत संचार निगमाच्या ‘डेटावन’ सेवेने त्याच तांब्याच्या तारेवर बोलणे आणि इंटरनेट एकाच वेळी नांदू लागले : माणसाचा आवाज चार हजार हर्ट्झच्या आतील पट्ट्यात, इंटरनेटचे संकेत त्याच्या पुष्कळ वरच्या पट्ट्यात, आणि दोहोंची फारकत करणारा ‘स्प्लिटर’ नावाचा चिमुकला डबा भिंतीपाशी. किमान वेगाची ती मर्यादा सरकारने २०१३ मध्ये ५१२ किलोबिटांवर आणि २०२३ मध्ये दोन मेगाबिटांवर नेली. कायद्याच्या व्याख्याही बदलल्या; घरातील पेटी मात्र अनेक ठिकाणी बदलली नाही.

तांब्याच्या तारेचा मूळ दोष असा, की टेलिफोन एक्स्चेंजपासून घर जसजसे दूर, तसतसा संकेत क्षीण होत जातो. एडीएसएल नावाच्या या पद्धतीची सुधारलेली आवृत्ती कागदावर सेकंदाला २४ मेगाबिट देऊ शकते. परंतु तो वेग एक्स्चेंजच्या सावलीतील घरांपुरता असून तीन-चार किलोमीटरांवर त्याचा अल्पसा अंशच हाती लागतो. तेव्हा ज्यांच्याकडे अद्याप ही तार आणि तिचा मोडेम आहे, त्यांनी तसाच दुसरा मोडेम विकत घेणे मला व्यर्थ खर्चाचे वाटते. आपल्या भागात फायबर येते काय याची चौकशी करावी, आणि येत असल्यास तारेसह पेटीचाही निरोप घ्यावा.

फायबरच्या घरातील पेटीस बोलीत मोडेमच म्हणतात, पण तिचे दप्तरी नाव ओएनटी अथवा ओएनयू. केसासारख्या बारीक काचेच्या तंतूतून येणारा प्रकाश विद्युत्संकेतात बदलणे हे तिचे काम. जीपॉन नावाच्या प्रचलित पद्धतीत एकाच तंतूवरून १४९० नॅनोमीटर लांबीच्या प्रकाशलहरी घराकडे येतात आणि १३१० नॅनोमीटरच्या घराकडून परत जातात. दोन्ही मानवी दृष्टीस अगोचर असतात, म्हणून तुटलेल्या तंतूच्या टोकास डोळा लावून ‘उजेड येतो का’ हे पाहण्याचा मोह कटाक्षाने टाळावा. कंपनीच्या केंद्रातून निघालेला एक तंतू वाटेत विभागून साधारणतः ३२ किंवा ६४ घरांस वाटला जातो, आणि सेकंदाला सुमारे अडीच गिगाबिट हा त्याचा एकूण वेग त्या सर्वांचा सामाईक असतो. या पेटीचे काम प्रकाशाचे संकेत करण्यापुरते. ते संकेत घरभर हवेतून वाटण्याचे काम राउटरचे. आजकाल ही दोन्ही कार्ये बहुधा एकाच डब्यात कोंबलेली असतात, आणि म्हणूनच दोष नेमका कोणाचा हे कळेनासे होते.

दोष शोधण्याची रीत वस्तुतः अवघड नाही; आपण ती करीत नाही इतकेच. प्रथम पेटीवरील दिवे पाहावेत. फायबरच्या पेटीवर ‘एलओएस’ या अक्षरांपाशी तांबडा दिवा लुकलुकत असेल, तर प्रकाशच घरापर्यंत पोहोचत नाही : बाहेर खोदकामात तंतू तुटला असेल, किंवा घरातच कपाट सरकवताना तो दुमडला असेल, कारण काचेच्या तंतूस तीव्र वळण सोसत नाही आणि त्या वळणातून प्रकाश गळून जातो. अशा वेळी दहा पेट्या बदलल्या तरी उपयोग शून्य. दिवे हिरवे असूनही वेग नसेल, तर लॅपटॉप केबलने थेट पेटीस जोडून वेग मोजावा. तारेवर पूर्ण वेग मिळतो आणि आतल्या खोलीत फोनवर मिळत नाही, असे आढळल्यास कंपनी निर्दोष. दोष वाय-फायचा किंवा भिंतींचा. तारेवरही वेग कमी, आणि तो केवळ रात्री आठ ते अकराच्या सुमारास कमी होत असेल, तर ती सामाईक मार्गावरील गर्दी समजावी, व तिची दाद कंपनीकडेच मागावी.

येथे एक विशेष खूण सांगून ठेवतो, कारण तीवाचून अनेकांचे पैसे फुकट जातात. प्लॅन २०० किंवा ३०० मेगाबिटांचा, आणि तारेवर मोजलेला वेग मात्र ९० ते ९५ च्या पलीकडे काही केल्या सरकत नाही, असे असेल, तर पेटीचे जोडणीचे तोंड जुन्या १०० मेगाबिटांच्या मर्यादेचे आहे, किंवा केबलमधील आठ तारांपैकी चारच तारा धड आहेत, असे जवळजवळ निश्चित धरावे. पहिल्या प्रकारात पेटी बदलणे हाच उपाय. दुसऱ्यात थोडक्या रुपयांची नवी केबल पुरते. आणि वेग वाचताना बिट आणि बाइट यांचा घोटाळा करू नये : सेकंदाला १०० मेगाबिट म्हणजे साडेबारा मेगाबाइट. हा हिशेब ठाऊक नसल्यामुळे चांगल्या चालणाऱ्या जोडणीविरुद्धही तक्रारी नोंदवल्या जातात.

पेटी स्वतःहून बंद पडते, पुन्हा चालू होते, दुपारच्या उन्हात अधिकच त्रास देते, असे लक्षण असेल तर संशय आधी तिच्या अडॅप्टरवर घ्यावा. पंखा मंदावला म्हणजे कंडेन्सर बदलावा हे घरोघरी ठाऊक असते. अडॅप्टरच्या पोटातही त्याच कुळातील भाग असून उष्णतेने त्यातील द्राव काळांतराने सुकतो, आणि मग भार वाढताच विजेचा दाब ढासळून पेटी गचके खाऊ लागते. नवा अडॅप्टर घेताना व्होल्ट अगदी तेच असावेत, अँपिअर तितके किंवा अधिक. नऊ व्होल्टांच्या पेटीस बारा व्होल्टांचा अडॅप्टर जोडला तर बदलण्याचा प्रश्न आपोआप निकालात निघेल. घासाघीस करणाऱ्या गिऱ्हाइकासही नवा मोडेम विकण्यापूर्वी ही तपासणी करून पाहणारा दुकानदार भेटल्यास त्याचे दुकान लक्षात ठेवावे.

आता जी पेटी निःसंशय बदलावी, तिच्याविषयी. तिचे पहिले लक्षण वेगाचे नसून सुरक्षिततेचे आहे. प्रत्येक राउटरमध्ये एक आज्ञावली असते. तीत आढळणारी छिद्रे निर्माता काही वर्षे बुजवीत राहतो आणि एके दिवशी निमूटपणे थांबतो. पेटी पुढेही उत्तम चालते, आणि म्हणूनच धोका दिसत नाही. २०१६ मध्ये ‘मिराय’ नावाच्या घातक आज्ञावलीने कारखान्यातूनच आलेले, कोणी कधी न बदललेले सांकेतिक शब्द वापरून जगभरचे कॅमेरे आणि राउटर अंकित केले. त्याच वर्षी नोव्हेंबरात तिच्याच एका रूपाच्या हल्ल्यात जर्मनीतील डॉइश टेलिकॉमच्या सुमारे नऊ लाख ग्राहकांची जोडणी कोलमडली. २०१७ च्या जुलैमध्ये आपल्याकडेही भारत संचार निगमाच्या ग्राहकांकडील, मूळचाच सांकेतिक शब्द असलेल्या मोडेमांवर असा हल्ला झाला आणि ग्राहकांनी तो शब्द बदलावा असे आवाहन करावे लागले. वाय-फायच्या संरक्षणपद्धतींचीही वये आहेत : डब्ल्यूईपी २००१ मध्येच भेदली गेली, डब्ल्यूपीए-२ ही २००४ ची आणि डब्ल्यूपीए-३ ही २०१८ ची. ज्या पेटीत डब्ल्यूपीए-२ देखील नाही, तिचे स्थान संग्रहालयात.

वाय-फायच्या पिढीचा प्रश्न त्यानंतरचा. केवळ २.४ गिगाहर्ट्झवर चालणाऱ्या जुन्या राउटरची अडचण अशी, की इमारतीतील शेजारपाजारच्या साऱ्या पेट्या, ब्लूटूथ आणि मायक्रोवेव्ह भट्टी याच अरुंद पट्ट्यात गर्दी करतात. पाच गिगाहर्ट्झचा पट्टा मोकळा आणि वेगवान; मात्र त्याच्या लहरी भिंतींपुढे लवकर दमतात. दोन्ही पट्टे असलेली, वाय-फाय ५ किंवा ६ पिढीची पेटी सामान्य कुटुंबास पुरेशी आहे. खोक्यावर छापलेले अवाढव्य आकडे हे सर्व पट्ट्यांच्या काल्पनिक कमाल वेगाची बेरीज असतात. त्यांवर विसंबून, आणि आठ शिंगांच्या रूपास भुलून, जादा पैसे मोजू नयेत.

खरेदीपूर्वी मालकीचा प्रश्न मात्र निकालात काढला पाहिजे. फायबरची ओएनटी ही बाजारातून आणून खोचावी आणि चालू व्हावी अशी वस्तू नव्हे : तिचा अनुक्रमांक कंपनीच्या केंद्रातील यंत्रात नोंदवावा लागतो, आणि ती नोंद झाल्याशिवाय प्रकाश येऊनही जोडणी मिळत नाही. शिवाय ती पुष्कळदा कंपनीच्याच मालकीची असते, अनामत रकमेवर किंवा प्लॅनच्या मुदतीपुरती दिलेली. म्हणून ती नादुरुस्त झाल्यास आधी करारनामा आणि पावती काढून पाहावी व बदलून मागावी. आपल्या हक्काची वस्तू स्वतःच्या पैशाने विकत घेण्याचे कारण नाही. राउटर मात्र स्वेच्छेने घेता येतो, आणि वाय-फाय जुनाट पण ओएनटी धडधाकट अशा घरी तोच शहाणा मार्ग होय : जुन्या पेटीचे वाय-फाय बंद करावे आणि तिच्या तोंडास नवा राउटर जोडावा.

काही कंपन्या जोडणीसाठी वापरकर्त्याचे नाव आणि सांकेतिक शब्द देतात, ते जुन्याच पेटीत साठवलेले असतात. काही स्थानिक केबलवाले पेटीच्या मॅक क्रमांकाशीच, म्हणजे तिच्या जन्मजात ओळखक्रमांकाशीच, खाते बांधून ठेवतात, आणि नवी पेटी लावताच ‘नेट’ अडते. तेव्हा जुनी काढण्यापूर्वी हा तपशील फोन करून मागून घ्यावा. ओएनटीवर लँडलाइन चालत असल्यास तेही सांगावे. आणि नव्या राउटरला जुन्याच वाय-फायचे नाव व जुनाच सांकेतिक शब्द द्यावा, म्हणजे टीव्ही, कॅमेरे, फोन, आजोबांचा टॅबलेट ही सारी मंडळी न विचारता पुन्हा जोडली जातात. अपवाद एवढाच, की तो शब्द घरच्या मोबाइल क्रमांकाचा किंवा मुलाच्या नावाचा असेल, तर या निमित्ताने तो बदलून घेणे श्रेयस्कर. राउटरच्या व्यवस्थापनाचा ‘अ‍ॅडमिन’ हा शब्द मात्र कोणत्याही परिस्थितीत ठेवू नये.

नवी पेटी जुन्याच अडगळीत ठेवली तर निम्मे श्रम वाया जातात. पोलादी कपाट, मोठा आरसा, काँक्रीटची भिंत हे लहरींचे शत्रू. कोकणातील जांभ्या दगडाच्या जाड भिंतींच्या घरात तर एका राउटरने सारे घर भरत नाही, आणि तेथे केबल ओढून मागच्या पडवीत दुसरा राउटर बसवणेच योग्य. वळवाच्या पावसात विजा चमकू लागल्या म्हणजे पेटीची पिन काढून ठेवण्याची जुनी सवय फायबर आल्यावरही सोडू नये : काचेचा तंतू वीज वाहून नेत नाही हे खरे, पण सॉकेटमधून येणारा दाबाचा तडाखा तितकाच जीवघेणा. वीज वारंवार जाणाऱ्या गावांत पेटीच्याच व्होल्टांचा छोटा यूपीएस तिला जोडल्यास काही तास जोडणी टिकते.

उरली जुनी पेटी. कंपनीची असल्यास ती परत करून पावती घ्यावी, नाहीतर पुढे जोडणी बंद करताना अनामत रकमेचा वाद होतो. स्वतःची असल्यास ती भंगारवाल्यास देऊ नये. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांनुसार अशा यंत्रांच्या पुनर्चक्रणाची जबाबदारी उत्पादकांवर आहे, आणि अधिकृत ई-कचरा संकलकाकडे ती सुपूर्द करता येते. मात्र हवाली करण्यापूर्वी तिच्या मागील बारीक छिद्रातील रीसेटचे बटण टाचणीने दहा-पंधरा सेकंद दाबून धरावे. आपले खाते आणि वाय-फायचा सांकेतिक शब्द तोवर तिच्यातच असतात.