फुप्फुसाच्या वाटेवरचा फेज

१८९६ साली आग्र्यात अर्नेस्ट हॅन्किन या ब्रिटिश जीवाणूशास्त्रज्ञाने गंगा-यमुनेच्या पाण्यात पटकीचे जंतू सोडून पाहिले. काही तासांत ते मेले. पाणी उकळून घेतलं, की मात्र त्याची मारकशक्ती जायची. या नोंदीला फेजशास्त्राची सुरुवात म्हणावं का, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. जीवाणूत शिरून, तिथेच आपली पिलावळ वाढवून त्याला फोडणारे हे विषाणू, म्हणजेच फेज, खऱ्या अर्थाने उजेडात आणले ते १९१५ मध्ये फ्रेडरिक ट्वॉर्टने आणि १९१७ मध्ये पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमधल्या फेलिक्स देरेलने. १९१९ मध्ये आमांश झालेल्या मुलाला फेज पाजण्याआधी देरेल आणि रुग्णालयातले काही शिकाऊ डॉक्टर स्वतः ते प्यायले होते. सुरक्षितता तपासायची त्या काळची रीत ही अशी!

क्षयाच्या बाबतीत फेजला मुहूर्त लाभला नाही. डी२९ हा क्षयजंतू मारणारा फेज कॅलिफोर्नियातल्या मातीत सापडला १९५४ मध्ये. तोवर स्ट्रेप्टोमायसिन आणि आयसोनियाझिड ही क्षयावरची औषधं दवाखान्यांत पोचली होती. मग पुढची काही दशकं क्षयजंतूंचे फेज प्रयोगशाळेत जनुकशास्त्राची कामं करत राहिले.

गोळ्यांना दाद न देणारा क्षय वाढला, तशी जुनी कपाटं उघडली गेली. २०१२ च्या सुरुवातीला मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातले डॉ. झरीर उदवाडिया आणि सहकाऱ्यांच्या नोंदींनी सगळीकडे खळबळ उडवली. तपासलेल्या सगळ्या औषधांना न जुमानणारे क्षयजंतू त्यांच्या रुग्णांमध्ये आढळले होते. इकडे पिट्सबर्ग विद्यापीठात ग्रॅहम हॅटफुल यांनी विद्यार्थ्यांना हाताशी धरून मातीतले, कचऱ्यातले हजारो फेज जमवले होते. त्यातला ‘मडी’ दक्षिण आफ्रिकेतल्या सडक्या वांग्यावर मिळालेला. तोच पुढे लंडनमध्ये उपचार घेणाऱ्या एका १५ वर्षांच्या मुलीच्या कामी आला. फुप्फुस प्रत्यारोपणानंतर क्षयजंतूच्या भाऊबंदांपैकी एक, मायकोबॅक्टेरियम ॲब्सेसस, तिच्या अंगभर पसरला होता. २०१८ मध्ये तीन फेजांचं मिश्रण शिरेतून सुरू झालं आणि ती सावरली.

पण शिरेतून दिलेला फेज शरीराला परका वाटतो. ८१ वर्षांच्या एका रुग्णात जंतू आधी घटले, मग प्रतिपिंडांनी फेजच निकामी केले. साहजिकच आजार फुप्फुसात असेल, तर औषध नाकातोंडावाटे का देऊ नये, या प्रश्नाला धार आली.

उत्तर यंत्रापाशी अडत होतं. कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठात २०१७ मध्ये डी२९ वेगवेगळ्या उपकरणांतून फवारून पाहिला. दाबाच्या हवेवर चालणाऱ्या नेहमीच्या नेब्युलायझरमध्ये द्रव पुन्हापुन्हा आतल्या भिंतींवर आदळतो. त्यात जिवंत फेजची संख्या हजारो पटींनी घसरली. थरथरत्या जाळीच्या नेब्युलायझरमध्ये नुकसान त्या मानाने किरकोळ होतं. इतका बलाढ्य मारेकरी, पण यंत्र चुकीचं निवडलं तर वाटेतच संपणारा. २०१९ मध्ये याच मंडळींनी उंदरांना आधी फेजचे तुषार हुंगवले आणि मग क्षयजंतू. चोवीस तासांनी आणि तीन आठवड्यांनीही फुप्फुसांत जंतू कमी भरले. क्षयरुग्णांची शुश्रूषा करणाऱ्यांना असं कवच देता येईल, अशी त्यांची कल्पना. हा प्रतिबंध झाला. जडलेला क्षय बरा करणं ही वेगळी गोष्ट.

माणसांत श्वासावाटे दिलेल्या फेजने बाजी मारली ती दुसऱ्याच जंतूविरुद्ध. येल विद्यापीठातल्या गटाने सिस्टिक फायब्रोसिस या आनुवंशिक आजाराच्या नऊ रुग्णांना स्यूडोमोनास या जंतूवरचे फेज नेब्युलायझरने दिले. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार थुंकीतले जंतू घटले, श्वासाची क्षमता सुधारली. फेज निवडतानाच एक डाव टाकला होता: त्यांना चुकवण्यासाठी जंतू बदलला, तर प्रतिजैविकांपुढे किंवा उपद्रवशक्तीत तो दुबळा पडावा.

क्षयजंतू असा उघड्यावर सापडत नाही. तो आपल्याच भक्षक पेशींत आणि गाठींत दडून बसतो, आणि फेज आपणहून तिथे सहसा शिरत नाही. २००२ मध्ये संशोधकांनी निरुपद्रवी मायकोबॅक्टेरियम स्मेग्मॅटिसच्या पोटात फेज भरून तो अशा पेशींमध्ये धाडला आणि आतले क्षयजंतू मारून दाखवले. या युक्तीत मात्र एका जंतूला मारायला दुसरा जिवंत जंतू शरीरात सोडावा लागतो.