चावी मिळाली? आता बॉनेट उघडा!

पहिला दणक्यात पाऊस पडला की कॉलेजच्या ग्रुपवर एकच प्रश्न फिरायला लागतो, 'कुठे जायचं?' पुणेकरांचं ताम्हिणी ठरतं, ठाणे-कल्याणवाल्यांचं माळशेज, कोल्हापूरकरांचं आंबोली. मग लगेच दुसरा प्रश्न, 'गाडी कोणाची?' कोणीतरी घरी दोन दिवस मस्का मारतं आणि चावी मिळवतं. लायसन्स नवंकोरं, गाडी सात-आठ वर्षांची, आत पाच जण, डिकीत बॅगा आणि समोर ओला घाट! मिसळ कुठे खायची, फोटो कुठे काढायचे, सगळं ठरलेलं असतं. फक्त टायरमध्ये हवा किती आहे, हे गाडीतल्या एकालाही ठाऊक नसतं.

गाडी म्हणजे बाबांचा आणि गॅरेजवाल्या काकांचा विषय, असं आपण धरून चालतो. पण निघण्याआधी जे बघायचं असतं, त्याला इंजिनीअरिंगची डिग्री लागत नाही. एक जुनं फडकं, मोबाइलचा टॉर्च आणि पंधरा मिनिटं पुरतात. फक्त हे आदल्या दिवशी सकाळी करा. काही गडबड सापडलीच, तर गॅरेज गाठायला दिवस हातात राहतो.

टायरपासून सुरुवात

गाडी आणि रस्ता यांचा संबंध चार टायरपुरता, तोही प्रत्येकी तळहाताएवढ्या जागेपुरता. टायरवरच्या खाचा म्हणजे नक्षी नाही. त्या खाली आलेलं पाणी बाजूला ढकलतात. खाचा झिजल्या की टायर पाण्यावर तरंगायला लागतो आणि मग ना ब्रेक ऐकतो, ना स्टिअरिंग. कारच्या टायरच्या खाचा १.६ मिमीपेक्षा कमी खोल नसाव्यात, असा आपल्याकडे नियमच आहे. मोजायला पट्टी नको. खाचेत डोकावलं की मध्ये मध्ये रबराचे छोटे उंचवटे दिसतात. टायर झिजून त्या उंचवट्यांच्या पातळीला आला असेल, तर तो बदलायचाच.

हवा किती भरायची, हे पंपावरच्या माणसाला विचारू नका. ड्रायव्हरचं दार उघडा. चौकटीवर किंवा पेट्रोलच्या झाकणाच्या आतल्या बाजूला स्टिकर असतो. पाच जण आणि सामान असेल तर किती, हेसुद्धा बऱ्याचदा त्यावर वेगळं दिलेलं असतं. हवा टायर थंड असताना तपासा. लांबून चालवून आल्यावर आकडा जास्तच दिसतो. आणि स्टेपनीतली हवा? ती बघायची हमखास राहून जाते. पंक्चर झाल्यावर कळतं की स्टेपनीही बसलेली आहे.

बॉनेटखालची तीन झाकणं

गाडी सपाट जागी, इंजिन थंड. डिपस्टिक बाहेर काढा, फडक्याने पुसा, पुन्हा पूर्ण आत घाला आणि परत काढून बघा. ऑइल दोन खुणांच्या मध्ये हवं. खालच्या खुणेखाली असेल तर निघू नका. वरच्या खुणेच्या वर असेल तर तेही बरं नाही, 'जास्त टाकलं तर चांगलंच' हा हिशेब इथे चालत नाही.

दुसरं कूलंट. त्याच्या टाकीवरही कमाल-किमान खुणा असतात. इंजिन गरम असताना झाकण कधीच उघडायचं नाही. आत दाबाखाली असलेलं उकळतं पाणी थेट तोंडावर येतं.

तिसरं ब्रेक ऑइल. ही छोटी टाकी झाकण न उघडताही बाहेरून दिसते. पातळी खाली गेली असेल, तर पॅड झिजले आहेत किंवा कुठेतरी गळती आहे. वरून नुसतं ऑइल ओतून प्रश्न सुटत नाही, मेकॅनिकला दाखवा. हे ऑइल हवेतला ओलावा शोषतं, म्हणून गाडी कमी चालली तरी ठरावीक काळाने, साधारण दोन वर्षांनी, बदलावं लागतं. सर्व्हिसिंगच्या बिलात ते शेवटचं कधी बदललं, एवढं शोधा. सापडलं नाही तर घाटाआधी बदलून घ्या.

दिसलं तर वाचू

वायपर फिरल्यावर काचेवर पट्टे उमटत असतील, तर रबर संपलंय. ब्लेडची नवी जोडी हे गाडीतल्या सगळ्यात स्वस्त कामांपैकी एक. पाच जण आत बसले की काच आतून धुरकटते आणि मग ड्रायव्हर एका हाताने रुमाल फिरवत गाडी चालवतो. त्यापेक्षा एसी लावा आणि हवेचा झोत काचेवर सोडा. एसी हवा कोरडी करतो, काच मिनिटभरात साफ होते.

पावसात चालत्या गाडीचे चारही इंडिकेटर लावून ठेवायची फॅशन आहे. ती सोडा. मागच्याला तुम्ही थांबलाय की वळताय, हेच कळत नाही. चालताना लो बीमवर हेडलाइट लावा. चारही इंडिकेटर गाडी बंद पडून उभी असेल तेव्हा.

घाट उतरताना

ब्रेकवर सतत पाय ठेवून घाट उतरला की पॅड आणि डिस्क तापतात. उष्णता ब्रेक ऑइलपर्यंत पोहोचते. ऑइलमध्ये ओलावा असेल तर ते लवकर उकळतं, त्यात बुडबुडे होतात आणि पेडल दाबलं तरी नुसतं मऊ आत जातं. म्हणून जुना सल्ला आजही खरा आहे, ज्या गिअरमध्ये घाट चढाल, त्याच गिअरमध्ये उतरा. इंजिनच गाडीला धरून ठेवतं, ब्रेक अधूनमधून लागतो. ऑटोमॅटिक गाडीतही उतारासाठी खालचा गिअर निवडायची सोय असते. ती कुठे आहे, हे घरासमोरच बघून ठेवा.

पेट्रोल वाचवायला न्यूट्रलमध्ये किंवा इंजिन बंद करून उतरणं हा तर निव्वळ वेडेपणा. इंजिन बंद झालं की दोन-तीनदा दाबल्यावर ब्रेक दगडासारखा कडक होतो आणि स्टिअरिंग जड होतं. पेडल मऊ लागायला लागलं किंवा जळका वास आला, तर गिअर एकेक करून खाली आणा, सुरक्षित जागा बघून थांबा आणि ब्रेक पूर्ण निवू द्या. तापलेल्या चाकावर पाणी ओतू नका. आणि हो, अरुंद घाटात चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची असते.

पाण्यात गाडी बंद पडली तर

रस्त्यावर पाणी दिसलं की आधी थांबा. अर्धं चाक बुडेल एवढं पाणी असेल किंवा पुलावरून वाहतं पाणी जात असेल, तर गाडी फिरवा. पलीकडचा धबधबा पुढच्या रविवारीही तिथेच असतो. उथळ पाण्यातून जायचंच झालं, तर पहिल्या गिअरमध्ये एका लयीत, न थांबता. बाहेर आल्यावर दोन-चारदा हलका ब्रेक मारून तो सुकवा.

मध्येच गाडी बंद पडली तर सेल्फ मारू नका. पाणी इंजिनात गेलं असेल आणि तुम्ही ते फिरवलंत, तर हवेसारखं पाणी दाबलं जात नाही आणि आतला कनेक्टिंग रॉड वाकतो. खर्च लाखाच्या घरात जाऊ शकतो. साध्या विम्यात असं नुकसान बहुधा धरलं जात नाही, त्यासाठी इंजिनचं वेगळं कव्हर घ्यावं लागतं. गाडी ढकलून किंवा टो करून बाहेर काढा आणि गॅरेजला कळवा.

लाल दिवा, पिवळा दिवा

डॅशबोर्डवरचे दिवे सिग्नलसारखेच वाचायचे. पिवळा म्हणजे लवकर गॅरेज गाठा. लाल म्हणजे आत्ता थांबा. ऑइलच्या किटलीचा किंवा तापमानाचा लाल दिवा लागला, तर 'पुढच्या गावापर्यंत जाऊ' म्हणायचं नाही. तेवढ्या अंतरात इंजिन जाम होऊ शकतं.

आणखी एक रंगीत तालीम

निघण्याआधी सोसायटीच्या पार्किंगमध्ये एकदा स्टेपनी बदलून बघा, ग्रुपमधल्या मुलींनीही. नट सैल करायचे ते चाक जमिनीवर असतानाच. मग जॅक लावायचा, तोही पक्क्या सपाट जागी आणि हँडब्रेक ओढून. परत बसवताना नट समोरासमोरचे आळीपाळीने आवळायचे. पाना आणि जॅक गाडीत आहेत की नाही, हेही तेव्हाच कळतं.

लायसन्स, आरसी, विमा आणि पीयूसी डिजिलॉकरमध्ये ठेवा, घाटात रेंज जाते म्हणून निघण्याआधी उघडून बघा. तारखाही तपासा. ज्याच्याकडे पक्कं लायसन्स नाही, त्याच्या हातात स्टिअरिंग द्यायचं नाही, तो कितीही चांगला मित्र असो. सापडला तर त्याच्याबरोबर गाडीच्या मालकालाही, म्हणजे तुमच्या बाबांना, दंड होतो. मागच्या सीटवरचे बेल्टही सीटखाली गेलेले असतात, ते बाहेर काढा. मागे बसणाऱ्यांनाही बेल्ट सक्तीचा आहे.

घरचे चावी देतात तेव्हा गाडीपेक्षा जास्त काही सोपवत असतात. आत पाच घरांची मुलं बसतात आणि पाच घरी रात्री कोणीतरी फोनकडे बघत बसलेलं असतं. पुढच्या वेळी चावी मागताना 'टायर बघितले, ऑइल बघितलं, ब्रेक ऑइल बदलून घेतलं' एवढं सांगून बघा. मस्का मारायची गरजच पडणार नाही.