‘बेल्जियम’ सोडा, ओगलेवाडी पाहा

पावसाळा तोंडावर आला की ठाणे महापालिकेची अतिधोकादायक इमारतींची यादी येतेच. सी-1 म्हणजे ताबडतोब रिकामी करून पाडायची इमारत, हे ठाण्याच्या खोपटमध्ये आता कुणाला समजावून सांगावे लागत नाही. नोटीस लागली की फ्रीज, गाद्या, भांडीकुंडी यांची सोय कुठे ना कुठे होते. शोकेसमधल्या काचेची मात्र होत नाही. आजोबांची अत्तरदाणी, सरबताचे कटवर्कचे ग्लास, माळ्यावरचा कंदील, देवघरासमोरची हंडी यांना भाड्याच्या खोलीत जागा नसते. टेम्पो दारात उभा असतो आणि भंगारवाला जिन्यात. लोखंडाच्या वजनावर काच फुकट जाते.

याच्या उलट टोकाला जुन्या वस्तूंचे विक्रेते. मुंबईच्या चोरबाजारात, मटण स्ट्रीटवर चौकशी केलीत तर प्रत्येक जुनी काच ‘बेल्जियम’ची निघते. बेल्जियममध्ये वाल सेंट लँबर्टसारखे नामवंत कारखाने होते हे खरेच. पण आपल्याकडच्या श्रीमंत वाड्यांत आणि देवळांत बर्मिंगहॅमच्या ऑस्लर कंपनीची झुंबरे आली, बोहेमियाची रंगीत काचही आली. शिवाय आज टांगलेल्या हंड्यांत फिरोजाबादच्या कोऱ्या हंड्याही असतात. तेव्हा देशाचे नाव ऐकून पाकीट उघडू नये.

त्याऐवजी वस्तू उलटी करावी. फुंकून घडवलेल्या फुलदाणीच्या तळाशी, नळीवरून तोडल्याची खरखरीत खूण किंवा ती घासून काढल्याचा गुळगुळीत खळगा दिसतो. साच्यात दाबलेल्या काचेवर जोडाची बारीक रेघ असते आणि नक्षीच्या कडा बोथट लागतात. हाताने कापलेल्या नक्षीच्या कडा बोटाला टोचतात. वर्षानुवर्षे फळीवर सरकलेल्या तळाला बारीक, वेड्यावाकड्या ओरखड्यांचा पट्टा पडतो. तो एकसारखा गोल असेल तर कुणीतरी मुद्दाम घासलेला समजा. पिवळट-हिरवी काच नोटा तपासायच्या अतिनील टॉर्चखाली झगझगीत हिरवी दिसली, तर तिच्यात युरेनियम असण्याची शक्यता मोठी. बोहेमियात एकोणिसाव्या शतकात हा रंग फार चालला. अशी काच शोकेसमध्ये ठेवायला हरकत नाही; तिच्यात खाणेपिणे मात्र नको.

माझा पक्षपात सांगून टाकतो. मला परदेशी झुंबरापेक्षा आपल्या मातीतली काच मोलाची वाटते. अंताजी दामोदर काळे यांनी माणशी एक पैसा गोळा करण्याची कल्पना काढली, लोकमान्य टिळकांनी पाठबळ दिले आणि त्या पैसाफंडातून 1908 साली तळेगावला काचकारखाना उभा राहिला. तिथे शिकलेल्या माणसांनी देशभर कारखाने काढले. 1916 मध्ये कराडजवळ ओगले बंधूंचा कारखाना सुरू झाला. त्या गावाला ओगलेवाडी हेच नाव पडले, आणि तिथला ‘प्रभाकर’ कंदील वीज येईपर्यंत महाराष्ट्राच्या घराघरांत टांगलेला होता.

अशा दुर्लक्षित वस्तूंची कदर कशी करायची, हे पुण्यात दिनकर गंगाधर केळकरांनी दाखवून दिले. ‘अज्ञातवासी’ या नावाने कविता लिहिणारा हा माणूस चष्म्यांचा व्यवसाय करी. 1920 च्या सुमारास त्यांनी जुन्या वस्तू जमवायला सुरुवात केली. राजेरजवाड्यांचा खजिना त्यांना नको होता. अडकित्ते, दिवे, दौती, स्वयंपाकघरातली भांडी, म्हणजे ज्यांच्याकडे कुणी वळून पाहत नसे अशा वस्तूंसाठी ते गावोगाव हिंडले. अकाली गेलेल्या मुलाच्या, राजाच्या नावाने त्यांनी संग्रहालय उभारले आणि पुढे ते राज्य सरकारच्या हवाली केले. आज तिथे वीस हजारांवर वस्तू आहेत. केळकरांनी कंदिलाकडे भंगार म्हणून पाहिले असते, तर बाजीराव रस्त्यावरच्या या संग्रहालयात पाहण्यासारखे काही उरलेच नसते.

कायद्याच्या दृष्टीनेही ही वेळ महत्त्वाची आहे. 1972 च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षे पूर्ण झालेली कलाकुसरीची वा ऐतिहासिक मोलाची वस्तू पुरावस्तू ठरू शकते. तिचा व्यापार करायला परवाना लागतो आणि खासगी व्यक्तीला ती देशाबाहेर नेता येत नाही. घरी जपून ठेवायला कुणी अडवत नाही. तळेगाव आणि ओगलेवाडीच्या सुरुवातीच्या काळातली काच गेल्या काही वर्षांत ही शंभरी ओलांडू लागली आहे. तिला पुरावस्तूचे वय येते आणि नेमके त्याच वेळी तिचे घर पाडायला निघते, याला योगायोग म्हणून सोडून देता येणार नाही.

नव्या इमारतीच्या करारात चटईक्षेत्र, पार्किंग, कॉर्पस फंड यांवर आपण महिनोन्‌महिने भांडतो. टेम्पो येण्याआधी एक दुपार शोकेससाठीही काढा. प्रत्येक वस्तू उलटी करून पाहा, तळाचा आणि नावाचा फोटो काढा, ती कुणी, कुठून आणली हे घरातल्या वडीलधाऱ्यांकडून लिहून घ्या, आणि जुन्या सुती साडीत गुंडाळून वेगळ्या खोक्यात भरा. ‘ओगले’ किंवा ‘प्रभाकर’ हे नाव दिसले, तर ती वस्तू भंगारवाल्याला मुळीच देऊ नका. स्वतःकडे जागा नसेल, तर आधी जवळच्या संग्रहालयाला विचारा.