लॅपटॉप मिटला, आवाज कुठे गेला?

वाकड, पिंपळे सौदागरला घरी बसून हिंजवडीच्या कंपनीचं काम करणाऱ्या अनेकांच्या टेबलावर आता मोठा मॉनिटर असतो. तो जोडून लॅपटॉप मिटला, की कधीकधी मीटिंगचा आवाजच गायब होतो. स्पीकर बिघडलेला नसतो. एचडीएमआय केबल चित्रासोबत आवाजही नेते, म्हणून विंडोज बरेचदा आवाज मॉनिटरकडे वळवतं; आणि कित्येक मॉनिटरना स्पीकर नसतातच. टास्कबारवरच्या आवाजाच्या चिन्हातून लॅपटॉपचा स्पीकर पुन्हा निवडा. झाकण मिटताच लॅपटॉप बंद पडत असेल, तर पॉवर ऑप्शन्समध्ये झाकणासाठी ‘डू नथिंग’ निवडा. मात्र मग तो तसाच बॅगेत टाकू नका. आत चालू राहून फार तापतो. लॅपटॉपचा स्पीकर निवडला तरी कीबोर्डशेजारच्या स्पीकरचा आवाज मिटलेल्या झाकणाखाली दबतो, मायक्रोफोनचंही तेच. रोजच्या मीटिंगांना मला तरी साधा वायरचा हेडफोनच बरा वाटतो.